दांडग्या गाड्यांचा भाव

गेल्या वर्षी गौरी-विसर्जनाच्या रात्री आम्ही घरी आरती आटोपून बसलो होतो, तेवढ्यात अमेरिकेहून चुलतभावाचा फोन आला. भाऊकाकांना जाऊन तेव्हा वर्ष उलटले होते. काकू डेट्रॉइटजवळचे मोठे घर विकून मुलाच्या घराशेजारी छोट्या जागेत राहायला जाणार होत्या. घरातले सामान निघत होते, पण गराजमध्ये एक गाडी उभी होती. "दादा, बाबांची जीटीओ. तू गाड्यांच्या खात्यात आहेस, तर तू सांग. नव्वद हजार डॉलर येतील ना?"

मी गाड्यांच्या खात्यात आहे हे खरे. मेकॅनिकल डिप्लोमा झाल्यापासून राज्य सरकारच्या वाहन कार्यशाळेतच माझी नोकरी गेली. पण माझ्या टेबलावर जास्त करून गाड्या येतात त्या 'कंडम' ठरण्यासाठी. गाडी किती वर्षे चालली, किती किलोमीटर झाले, दुरुस्तीला किती लागेल, हे लिहायचे आणि लिलावासाठी अपसेट किंमत सुचवायची, हे माझे काम. जीप, अँबॅसिडर, ट्रक यांची किंमत सांगता येते. अमेरिकन जीटीओची कशी सांगणार? तरी भाऊकाकांची गाडी म्हणून मी वाचायला बसलो. महिना-दोन महिने रात्री हेच चालले. त्यातून जे हाती लागले ते आपल्या स्मरणिकेच्या वाचकांसाठी लिहीत आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरांतले कोणी ना कोणी तिकडे आहे, आणि जुन्या वस्तूंची किंमत करण्याची वेळ इथेही सगळ्यांवरच येते.

अमेरिकेत ज्याला 'मसल कार' म्हणतात, त्याला मी मनातल्या मनात 'दांडगी गाडी' म्हणतो. मधल्या आकाराची, दोन दरवाजांची, साध्या कुटुंबाला परवडेल अशी गाडी घ्यायची आणि तिच्यात सर्वांत मोठ्या गाडीचे इंजिन बसवायचे, एवढीच कल्पना. याची सुरुवात पॉन्टियाक कंपनीने १९६४ सालच्या मॉडेलपासून केली असे सर्वसाधारणपणे मानतात. पॉन्टियाक ही जनरल मोटर्सची एक शाखा. जनरल मोटर्सचा नियम असा की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही. पॉन्टियाकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. नियम मूळ मॉडेलला होता, गिऱ्हाइकाने जास्तीचे पैसे देऊन मागवलेल्या सोयींना नव्हता. त्यांनी टेम्पेस्ट-लेमान्स या गाडीवर सुमारे २९५ डॉलरचा एक जादा 'पॅकेज' ठेवला आणि त्यात ३८९ घन इंचांचे इंजिन दिले. ३८९ घन इंच म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. आपल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १.१ लिटरच्याही आतले, म्हणजे जवळजवळ सहा पद्मिनी एका बॉनेटखाली! या पॅकेजचे नाव जीटीओ. नाव फेरारीकडून सरळ उचलले होते आणि त्यावरून तिकडे शुद्धतावादी मंडळी रागावलीही.

सरकारी नोकरीत राहून मला या पळवाटेचे फार कौतुक वाटले. नियम मोडला नाही, फक्त कॉलम बदलला.

वरिष्ठांना वाटले पाच हजार गाड्या खपतील. पहिल्या वर्षी ३२ हजारांवर खपल्या आणि १९६६ मध्ये आकडा ९६ हजारांच्या पुढे गेला. हे सांगण्याचे कारण किमतीशी जोडलेले आहे. लाखाच्या घरात बनलेली वस्तू दुर्मीळ नसते, हे साधे गणित पुढे बरेच लोक विसरले.

जीटीओचे यश पाहून सगळेच धावले. फोर्डची मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बाहेर आली. तिची किंमत २,३६८ डॉलरपासून होती आणि पहिल्या वर्षात चार लाखांहून जास्त गाड्या गेल्या. मस्टँग आकाराने लहान, म्हणून तिकडे तिला 'पोनी कार' हे वेगळे नाव आहे, पण मोठे इंजिन घातले की तीही दांडगीच. शेव्हरोलेने शेव्हेल आणि मग कॅमॅरो आणली. क्रायस्लरने शर्यतीत जिंकलेले ४२६ घन इंचांचे 'हेमी' इंजिन १९६६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांत दिले. प्लिमथने तर १९६८ साली उलट वाट धरली. गादी साधी, गालिचा नाही, किंमत तीन हजार डॉलरच्या आत, इंजिन मात्र भक्कम. या गाडीला कार्टूनमधल्या रोडरनर पक्ष्याचे नाव दिले आणि त्या नावाच्या वापरासाठी वॉर्नर ब्रदर्सला ५० हजार डॉलर मोजले. हॉर्नसुद्धा त्या पक्ष्याच्या आवाजासारखा वाजे.

घेणारे कोण? दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ पासून अमेरिकेत जी मुले जन्मली, ती १९६४ मध्ये अठरा वर्षांची झाली. डेट्रॉइटच्या कारखान्यात पगार चांगले होते, पेट्रोल पाण्याच्या भावाने होते आणि नवी गाडी हप्त्याने मिळे. शनिवारी रात्री वुडवर्ड अॅव्हेन्यूवर सिग्नल ते सिग्नल शर्यती लागत. या अठरा-वीस वर्षांच्या पोरांची संख्या पुढे किमतीच्या इतिहासात दोनदा आडवी येते, एकदा चढताना आणि एकदा उतरताना.

एक गोष्ट मला वाचताना विशेष वाटली. आज ज्या गाड्यांना लाखो डॉलर मिळतात, त्यांतल्या कित्येक त्या वेळी कोणाला नको होत्या. १९६९ साली कॅमॅरोमध्ये झेडएल-वन नावाचे अॅल्युमिनियमचे ४२७ घन इंचांचे इंजिन देण्यात आले. इंजिनचेच चार हजारांवर डॉलर. साधी कॅमॅरो तीन हजारांच्या आत मिळत असताना ही सात हजारांच्या पुढे गेली. इलिनॉयमधल्या ला हार्प या लहानशा गावातल्या एका विक्रेत्याने एकट्याने पन्नास मागवल्या होत्या, पण किमतीचा आकडा पाहून त्याला घाम फुटला आणि त्यातल्या पुष्कळशा त्याने परत पाठवल्या. एकूण ६९ झाल्या. काही वर्षानुवर्षे दुकानात पडून होत्या आणि काहींची इंजिने काढून साधी बसवली तेव्हा कुठे त्या खपल्या. १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड, टोकदार नाक आणि मागे माणसाच्या कमरेएवढा उंच पंख असलेली, तिचीही तीच गत. शर्यतीच्या नियमासाठी सुमारे १,९०० करणे भाग होते म्हणून केल्या. विक्रेत्यांनी काहींचे नाक आणि पंख काढून त्या साध्या रोडरनर म्हणून विकल्या असे सांगतात. आज त्या पंखाचीच किंमत. आपल्याकडे वाड्यांच्या कोरीव तुळया जळणाच्या भावाने गेल्या, तसेच काहीसे.

मग उतार आला आणि तो एका कारणाने आला नाही. पहिला धक्का तेलाचा नव्हता, विम्याचा होता. विमा कंपन्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस गाडीचे वजन आणि अश्वशक्ती यांचे गुणोत्तर काढून दांडग्या गाड्यांना जादा हप्ता लावला. पंचविशीच्या आतल्या मुलाला विम्याचा हप्ता कर्जाच्या हप्त्याशी स्पर्धा करील इतका पडू लागला. १९७० मध्ये हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा झाला. १९७१ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने साध्या पेट्रोलवर चालावे म्हणून इंजिनचे कॉम्प्रेशन उतरवले. १९७२ पासून अश्वशक्ती मोजण्याची रीतही बदलली. पंखा, एक्झॉस्ट वगैरे सगळे जोडून मोजायचे, त्यामुळे कागदावरचे आकडे एकदम खाली आले. शेवटी ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल बंद केले, पंपांवर रांगा लागल्या आणि १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. त्याच वर्षी मूळ जीटीओ बंद झाली. शेवटच्या वर्षी सात हजारांच्या आसपास बनल्या. प्लिमथ बॅराकुडा आणि डॉज चॅलेंजरही १९७४ मध्येच संपल्या.

भाऊकाका नेमके या उताराच्या वेळी तिथे होते. ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात वाढलेले. कलाभवनात इंजिनीअरिंग केले आणि १९६९ मध्ये मिशिगनला शिकायला गेले. अमेरिकेने १९६५ मध्ये परदेशी लोकांना येऊ देण्याचा कायदा बदलला होता, त्या उघडलेल्या दारातून गेलेल्या पहिल्या पिढीतले. नोकरी लागल्यावर त्यांनी गाडी घेतली ती १९७५ साली, नऊशे डॉलरना. त्या वर्षी आठ-नऊ वर्षांची, गॅलनला दहा-बारा मैल देणारी दांडगी गाडी म्हणजे गळ्यातले लोढणे. कॉलेजची पोरे ती चालवून मोडत, शेतकरी कोठारात टाकून देत. १९७९ पासून टीव्हीवर एक मालिका लागली, तिच्यात दर भागात डॉज चार्जर उड्या मारून आपटे. त्या काही वर्षांत तीनशेच्या आसपास चार्जर मोडल्या असा हिशेब दिला जातो. भंगाराच्या भावात मिळत होत्या म्हणूनच मोडल्या. आज त्यातली एक सुस्थितीतली चार्जर घ्यायची तर सामान्य नोकरदाराचा वर्षाचा पगार जाईल.

भाव परत चढले त्याचे कारण तीच अठरा वर्षांची पोरे. १९९० च्या दशकात ती पन्नाशीकडे आली. मुले शिकून बाहेर पडली, घराचे कर्ज फिटले, शेअर बाजार वर गेला. शाळेच्या मैदानासमोर ज्या गाडीकडे पाहून जीव जळत होता, ती घेण्याची आता ऐपत आली. अॅरिझोनातल्या स्कॉट्सडेल इथला बॅरेट-जॅक्सनचा लिलाव १९७१ पासून होत होता, पण टीव्हीवर थेट दिसू लागल्यावर घराघरात पोचला. लिलाववाला जिभेला गाठ पडेल अशा वेगाने बोली पुकारतो, दिव्यांखाली गाडी चकाकते, दोन श्रीमंत माणसे हट्टाला पेटतात, आणि घरी सोफ्यावर बसलेला माणूस गराजमधल्या आपल्या गाडीकडे नव्या नजरेने पाहतो. २००५ ते २००७ या काळात भाव असे चढले की लोक घर गहाण ठेवून गाड्या घेत होते. २००८ च्या मंदीत ते कोसळले. हेमी गाड्यांसारख्या सर्वांत वर गेलेल्या गाड्यांना सर्वांत जास्त मार बसला.

लिलावाच्या आकड्यांनीच पुष्कळांची दिशाभूल केली आहे, म्हणून दोन आकडे जरा उलगडून सांगतो.

पहिला १९७१ च्या हेमी कुडा कन्व्हर्टिबलचा. हेमी इंजिनला त्या वेळी सुमारे नऊशे डॉलर जादा पडत आणि विमा न परवडणारा. त्यामुळे त्या वर्षी अशा उघड्या टपाच्या गाड्या अकराच्या आसपासच बनल्या. जून २०१४ मध्ये सिॲटलला मीकमच्या लिलावात त्यातली एक ३५ लाख डॉलरना गेली. जगभर बातमी झाली. पण २०२१ मध्ये अशाच एका गाडीवर ४८ लाखांपर्यंत बोली जाऊनही ती विकली गेली नाही, कारण मालकाला त्याहून जास्त हवे होते. वर्तमानपत्रात ४८ लाख छापून येतात. ते कोणाच्या खिशातून निघाले नाहीत हे बारीक अक्षरात असते. शिवाय लिलावात घेणाऱ्याकडून साधारण दहा टक्के जादा घेतात आणि विकणाऱ्याकडूनही कमिशन कापतात. म्हणजे छापलेला आकडा हा विकणाऱ्याच्या हातात पडलेला आकडा नव्हे.

दुसरा 'बुलिट' चित्रपटातल्या हिरव्या मस्टँगचा. स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवर उडवलेली ती १९६८ ची गाडी १९७४ मध्ये एका साध्या कुटुंबाने सहा हजार डॉलरना घेतली. घरची बाई ती घेऊन शाळेत शिकवायला जाई. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून परत मागितली, तरी त्यांनी दिली नाही. पुढे ती कित्येक वर्षे झाकून पडली होती. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात तिची बोली ३,५०० डॉलरपासून सुरू केली आणि ती ३४ लाखांवर थांबली. घेणाऱ्याचे जादा टक्के धरून ३७ लाख ४० हजार झाले. गाडीवर ओरखडे होते, गंज होता, काही बदललेले नव्हते. ती बातमी वाचून हजारो लोकांनी आपल्या १९६८ च्या मस्टँगची किंमत वाढवली असणार. वस्तुतः त्या वर्षी फोर्डने मस्टँग तीन लाखांवर बनवल्या होत्या आणि मॅक्वीनने चालवलेली ती त्यातली एक.

माझ्या चुलतभावाचा नव्वद हजारांचा आकडाही असाच टीव्हीवरून आला होता.

आता ओळखीचा मुद्दा. या गाड्यांच्या बाजारात पाच-दहा हजारांचा नाही, निम्म्या-दुपटीचा फरक ज्यावरून पडतो ती गोष्ट म्हणजे गाडी जन्मतः काय होती. दांडगी गाडी ही साध्या गाडीचाच अवतार. पत्रा तोच, दरवाजे तेच. कोणत्याही लेमान्सला जीटीओचे बॉनेट, जाळी आणि अक्षरे लावली की दिसायला जीटीओ तयार. पॉन्टियाकच्या व्ही-एट इंजिनांचे तर बाहेरचे आकारमानही सारखेच असे. ३२६ घन इंचांचे आणि ४०० घन इंचांचे इंजिन शेजारी ठेवले तर बाहेरून फरक कळत नाही. भाव चढले तेव्हा अशा 'क्लोन' गाड्या शेकड्यांनी तयार झाल्या. फसवणुकीसाठीच झाल्या असे नाही, हौसेसाठीही झाल्या. पण वीस वर्षांत दोन-तीन हात बदलले की क्लोन हा शब्द गळून पडतो.

म्हणून कागद पाहतात. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. फोर्डच्या १९६७ नंतरच्या गाड्यांची कारखान्यातली नोंद पैसे भरून मिळते. पॉन्टियाकच्या नोंदींच्या प्रती मिळतात. क्रायस्लरच्या गाड्यांत कारखान्यातला मूळ तक्ता कधी कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो आणि तो सापडला की मालक पेढे वाटतो म्हणा ना. शेव्हरोलेच्या अमेरिकेतल्या तशा नोंदी राहिल्याच नाहीत, त्यामुळे तिथे सर्वांत जास्त वाद. पॉन्टियाक जीटीओ १९६४ आणि १९६५ मध्ये नुसते पॅकेज होते, त्यामुळे चेसिस नंबरावरून काही कळत नाही. १९६६ पासून मात्र ते स्वतंत्र मॉडेल झाले आणि नंबराची सुरुवात २४२ ने होऊ लागली. लेमान्सची २३७ ने.

भाऊकाकांची गाडी १९६७ ची. मी चुलतभावाला सांगितले, चालकाच्या बाजूचा दरवाजा उघड आणि बिजागरीच्या खांबावरच्या पट्टीचा फोटो पाठव. तिकडे तेव्हा सकाळ होती. फोटो दहा मिनिटांत आला. २३७.

मी ते लगेच सांगितले नाही. इंजिनवरची ओतकामाची तारीखही मागवली. तीत महिन्याला एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा असतो. तिथे २ होता. म्हणजे १९७२ चे इंजिन १९६७ च्या गाडीत. कोणा मोठ्या कुटुंबी पॉन्टियाकमधून काढलेले असणार. मग मात्र सांगावे लागले. फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर चुलतभाऊ म्हणाला, "बाबांना फसवलं का रे कोणी?" आणि मागून काकूंचा आवाज आला, "त्यांना कोण फसवणार?"

दोन दिवसांनी काकूंनी काकांची वही काढली. बडोद्याच्या सवयीने ते सगळे खर्च लाल कापडी बांधणीच्या वहीत मांडत. जुलै १९७५ च्या पानावर मराठीत स्वच्छ लिहिले होते : "पॉन्टियाक लेमान्स १९६७, इंजिन बदललेले, डॉ. ९००." त्यांनी आयुष्यात कधी जीटीओ म्हटलेच नव्हते. १९९८ मध्ये रंग काढताना रंगवाल्याने हौसेने अक्षरे लावली, पोरांना ती आवडली, आणि घरात नाव तेच पडले. काका हसून गप्प बसत असावेत.

वहीतून दुसराही हिशेब निघाला. इंजिन खोलून बांधले, गिअरबॉक्स, दोनदा पत्राकाम आणि रंग, गाद्या, क्रोमिंग. मिळून ४१ हजार डॉलर, आणि काकांनी शनिवार-रविवार केलेली मेहनत वेगळी. चुलतभावाचे म्हणणे असे की ४१ हजार तर आलेच पाहिजेत. इथे मला माझ्या खात्यातली एक अँबॅसिडर आठवली. एका कचेरीची गाडी. कंडम होण्याच्या आदल्याच वर्षी तिच्यावर इंजिन-कामाचा मोठा खर्च झालेला. तो खर्च धरून अपसेट किंमत लावा असा आग्रह झाला. पहिल्या लिलावात बोली नाही, दुसऱ्यात नाही. तीन पावसाळे ती आवारात उभी राहिली, डिकीतून कडुलिंबाचे रोप वर आले, आणि शेवटी जी किंमत आली ती पहिल्या दिवशी एक भंगारवाला तोंडी देत होता त्याच्या निम्मी. फायलीवर माझी सही आहे, म्हणून आकडा पाठ आहे, पण इथे लिहीत नाही.

तिकडच्या बाजारात गाडीची स्थिती एक ते चार अशी धरतात. मिशिगनमधलीच हॅगर्टी ही विमा कंपनी अशी दरसूची काढते. एक नंबर म्हणजे प्रदर्शनात बक्षीस घेईल अशी निर्दोष, दोन म्हणजे उत्तम, तीन म्हणजे चांगली, चालवायला योग्य, जवळून पाहिल्यास दोष दिसतील अशी, आणि चार म्हणजे चालते पण काम मागते. गंमत अशी की प्रत्येक मालकाला आपली गाडी दोन नंबर वाटते आणि बहुतेक तीन नंबर असतात. सुधारणेचा खर्च मात्र उलटा असतो. तीनची दोन करायला जितके लागतात तितके भावात वाढत नाहीत. म्हणून विकण्याआधी नवा रंग देऊ नका, असे तिकडचे जाणकार सांगतात. घेणाऱ्याला नव्या रंगाखाली काय झाकले आहे याचीच शंका येते. आपल्याकडेही मुलगी दाखवताना फार पावडर लावली की सासूबाई निरखून पाहतातच, असे आमच्या आजी म्हणत. आजच्या मुलींनी रागावू नये.

आणखी एक गोष्ट मी कागदावर मांडून पाहिली. १९६७ मध्ये चांगली जीटीओ साधारण तीन ते साडेतीन हजार डॉलरना मिळे. तेव्हापासून तिकडे महागाई सुमारे नऊपट झाली. म्हणजे आजचे तीस-बत्तीस हजार. चांगल्या स्थितीतली खरी जीटीओ आज त्याच्या वर जाते हे खरे, पण विमा, जागा, टायर, दुरुस्ती धरली तर गुंतवणूक म्हणून ती बँकेच्या ठेवीपुढेही उभी राहील की नाही शंका आहे. ज्यांनी पैसे केले त्यांनी एक तर योग्य वेळी घेऊन योग्य वेळी विकली, नाही तर त्यांच्याकडे अकरातली एक होती. आणि आता ती १९४६ ची पोरे ऐंशीला टेकली. ती विकायला निघाली आहेत, त्यांच्या बायका-मुलांना जागा मोकळी करायची आहे. त्यांच्या नातवांना कार्ब्युरेटर ठाऊक नाही, त्यांना ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या जपानी गाड्या हव्यात. घेणारे कमी आणि विकणारे जास्त, असा हा दुसरा आडवा येण्याचा प्रसंग मी वर म्हटला तो. साधारण दांडग्या गाड्यांच्या भावाने गेल्या काही वर्षांत म्हणूनच दम टाकला आहे.

आम्ही जाहिरात अशी लिहिली : १९६७ पॉन्टियाक लेमान्स, जीटीओसारखी केलेली, इंजिन १९७२ चे, एकच मालक १९७५ पासून, सगळ्या पावत्या उपलब्ध, हिवाळ्यात कधी बाहेर काढलेली नाही. शेवटचे वाक्य काकूंनी घालायला लावले आणि तेच फार उपयोगी पडले. मिशिगनच्या रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि त्याने तिथल्या गाड्या खालून चाळणी होतात. काका नोव्हेंबर ते एप्रिल गाडीला हात लावत नसत. चुलतभावाने किंमत ३२ हजार ठेवली. मी तीस म्हणत होतो.

पहिला एक व्यापारी आला, अठरा हजार म्हणाला. दुसऱ्याने विचारले, जीटीओचे कागद 'करून' देता येतील का, मग चाळीस देतो. चुलतभावाने त्याला चहासुद्धा विचारला नाही. तिसरे ओहायोचे निवृत्त शिक्षक. त्यांनी बरोबर लोहचुंबक आणला होता. पत्र्यावर फिरवून पुटी कुठे भरली आहे ते पाहिले, मागच्या डाव्या चाकाच्या वर दोन ठिकाणी सापडली. गाडी वर उचलून चौकट पाहिली. मग टेबलाशी बसून सगळ्या पावत्या तासभर वाचल्या. २७ हजार ५०० ला सौदा झाला. विकून हातात आलेले आणि वहीतला खर्च यांत साडेतेरा हजारांचा खड्डा, मुद्दल नऊशे वेगळे. पण पन्नास वर्षे दर रविवारी माणूस घरी होता, हे काकू म्हणाल्या, मी नाही.

२०२३ च्या जानेवारीत आपल्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते, तेव्हा काका हयात होते. मी त्यांना व्हिडिओ कॉलवर संस्थानी काळातल्या गाड्या दाखवत फिरलो होतो. ते प्रत्येक गाडीपाशी एकच विचारत, "चालू आहे का?" भाव एकदाही विचारला नाही.

वहीची झेरॉक्स गाडीबरोबर ओहायोला गेली. शिक्षकांना मराठी येत नाही, म्हणून चुलतभावाने समासात पेन्सिलीने इंग्रजी लिहून दिले. काही शब्द त्यालाही अडले. 'वाटाणा-वॉशर' म्हणजे काय, असे त्याने मला विचारले. मलाही ते अजून लागलेले नाही. दांडिया बाजारातल्या जुन्या गराजवाल्यांपैकी कोणाला ठाऊक असेल तर मंडळाच्या कार्यालयात निरोप ठेवावा.